मेंदूतील रक्तवाहिन्यांचा गुंता आणि सर्जनची नवी अवजारे

डोकेदुखी थांबत नाही म्हणून माणूस एमआरआय काढतो आणि रिपोर्टवर 'एव्हीएम' किंवा 'कॅव्हर्नोमा' असा शब्द येतो. घरात तो कुणी कधी ऐकलेला नसतो. कुणाला वाटते ही कॅन्सरची गाठ आहे, कुणाला वाटते लकव्याची सुरुवात. शेजारची खाला काळजीने सांगते की डोक्याचे ऑपरेशन करूच नका, त्यातून माणूस उठत नाही. दुसऱ्या दिवशी एखादा नातेवाईक मोबाइलवर व्हिडिओ पाठवतो आणि लिहितो की आता लेझरने सगळे साफ होते, उगाच वेळ घालवू नका. एका बाजूला भीती, दुसऱ्या बाजूला नव्या यंत्राची भुरळ, आणि निर्णय मात्र घरातल्या मोठ्यांना घ्यायचा असतो. म्हणून या महिन्याच्या सदरात आम्ही हा विषय घेतला आहे. हे दोष काय असतात, ते काढण्यासाठी सर्जनच्या हातात आता कोणती अवजारे आली आहेत आणि ती आल्यावरही कोणता प्रश्न शिल्लक राहतो, ते पाहू.

हा गुंता म्हणजे काय?

हृदयातून निघालेले रक्त धमन्यांतून जोराने येते. पुढे ते केसाहून बारीक अशा केशवाहिन्यांच्या जाळ्यात पसरते, तिथे त्याचा जोर ओसरतो आणि मग शिरांमधून ते संथपणे परत जाते. एव्हीएममध्ये हे मधले जाळेच नसते. धमन्या आणि शिरा थेट एकमेकींत शिरून त्यांची गुंडाळी झालेली असते. शिरेची भिंत पातळ असते, धमनीचा जोर सोसायला ती बनलेली नसते. वर्षानुवर्षे तो जोर सोसून एखाद्या दिवशी ती फुटते आणि मेंदूत रक्तस्राव होतो. एव्हीएम असलेल्या शंभर माणसांपैकी साधारण २ ते ४ जणांना दर वर्षी असा रक्तस्राव होतो. एकदा फुटलेला गुंता पुन्हा फुटण्याचा धोका अधिक असतो. यात तरुण माणसेही सापडतात, ही या आजाराची दुःखद बाजू आहे.

कॅव्हर्नोमा निराळा. तो दिसायला तुतीच्या फळासारखा, रक्ताने भरलेल्या छोट्या छोट्या कप्प्यांचा झुबका असतो. त्यात रक्ताचा जोर फार कमी असतो, म्हणून तो अँजिओग्राफीत दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतो. दर दोनशे माणसांमागे साधारण एकाच्या डोक्यात तो असतो आणि त्यातल्या बहुतेकांना आयुष्यभर त्याचा पत्ताही लागत नाही. काहींना मात्र त्यामुळे फीट येते किंवा तो थोडा थोडा पाझरत राहतो.

असे दोष मेंदूत होतात तसेच मज्जारज्जूतही होतात. मज्जारज्जू म्हणजे पाठीच्या मणक्यांच्या पोकळीतून उतरणारा मज्जातंतूंचा दोर. त्याची जाडी आपल्या करंगळीएवढी. त्यातूनच हातापायांचे सगळे हुकूम खाली जातात.

पूर्वी सर्जन का कचरत?

एव्हीएम काढण्याचा क्रम स्वयंपाकघरातल्या मोरीवरून समजतो. नळ सुरू असताना मोरीचे तोंड बंद केले तर पाणी घरभर होते. तसेच इथे आधी रक्त आणणाऱ्या धमन्या एकेक करून बंद करायच्या, मग गुंता चारही बाजूंनी मेंदूपासून अलग करायचा आणि रक्त बाहेर नेणारी मोठी शीर अगदी शेवटी बंद करायची. शीर आधी बंद झाली तर रक्ताला वाट उरत नाही आणि गुंता टेबलावरच फुटतो. हे सांगायला सोपे आहे, पण आणणारी कोण आणि नेणारी कोण हे रक्ताने भरलेल्या खोल खड्ड्यात ओळखायचे असते.

शंभर वर्षांपूर्वी हे जवळजवळ अशक्य होते. अमेरिकेतील हार्वे कुशिंग यांनी १९११ मध्ये चांदीची बारीक क्लिप लावून मेंदूतील रक्तस्राव थांबवण्याची रीत सांगितली आणि १९२६ मध्ये विल्यम बोव्ही यांच्या विजेच्या यंत्राने रक्तवाहिन्या डागून बंद करायला सुरुवात केली. डागण्याची कल्पना अर्थात फार जुनी. कॉर्डोबाचे वैद्य अल्-जहरावी यांनी सुमारे एक हजार वर्षांपूर्वी 'किताब अल्-तसरीफ' या तीस भागांच्या ग्रंथाच्या अखेरच्या भागात शस्त्रक्रियेची सुमारे दोनशे अवजारे चित्रांसह दिली आहेत आणि त्यात डागण्याच्या सळ्याही आहेत. पण तापलेली सळई असो वा बोव्हींचे यंत्र, मेंदूसाठी दोन्ही दांडगीच. त्या यंत्राची वीज शरीरातून आरपार जाते आणि आसपासचा नाजूक भागही तापतो.

त्यावर १९४० मध्ये जेम्स ग्रीनवुड यांनी उपाय सांगितला. चिमट्याच्या दोन टोकांमध्येच वीज खेळवायची, म्हणजे टोकांत धरलेली रक्तवाहिनी तेवढी आक्रसून बंद होते. याला बायपोलर म्हणतात. पुढे लिओनार्ड मॅलिस यांनी ते सुधारले आणि आज मेंदूच्या शस्त्रक्रियेत त्यावाचून पान हलत नाही.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे मायक्रोस्कोप. मेंदूच्या शस्त्रक्रियेत तो १९५७ मध्ये लॉस एंजेलिसच्या थिओडोर कुर्झे यांनी प्रथम वापरला, पण त्याचे शास्त्र उभे केले ते गाझी याशारगिल यांनी. याशारगिल यांचा जन्म १९२५ मध्ये आग्नेय तुर्कस्तानातील लिजे या गावी झाला. स्वित्झर्लंडमध्ये शिकून झ्युरिचला सर्जन झाल्यावर, चाळिशीत, ते पुन्हा विद्यार्थी झाले. १९६५ मध्ये ते अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात रेमंड डोनाघी यांच्या प्रयोगशाळेत गेले आणि तिथे मायक्रोस्कोपखाली बारीक रक्तवाहिन्या शिवण्याचा सराव करत बसले. १९६७ मध्ये झ्युरिचला परतून त्यांनी ही विद्या माणसावर वापरली. त्यांनी मायक्रोस्कोपला वजनाने तोललेला असा स्टँड बसवला की तो बोटाच्या इशाऱ्यावर हलावा आणि तोंडात धरायची एक कळ केली, म्हणजे हात कामातून न काढता मायक्रोस्कोप सरकवता येतो. १९९९ मध्ये त्यांना विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील सर्वश्रेष्ठ न्यूरोसर्जन म्हणून गौरवण्यात आले. जून २०२५ मध्ये, वयाची शंभरी अगदी काही आठवड्यांवर आली असताना, त्यांचे निधन झाले.

आता हातात काय आले आहे?

पहिले, न चिकटणारा चिमटा. साध्या बायपोलर चिमट्याच्या टोकाला रक्त आणि पेशी करपून चिकटतात. तव्याला पोळी चिकटावी तसे. चिमटा ओढला की नुकतीच बंद केलेली रक्तवाहिनी पुन्हा उघडते. म्हणून टोके चांदीसारख्या, उष्णता पटकन वाहून नेणाऱ्या धातूची करतात आणि काही चिमट्यांतून सलाइनचे थेंबही पडत राहतात. एव्हीएमच्या अगदी तळाशी असणाऱ्या काही रक्तवाहिन्या इतक्या पातळ असतात की डागूनही बंद होत नाहीत. त्यांच्यासाठी काही मिलिमीटरच्या क्लिपा असतात.

दुसरे, टोकाला दिवा असलेली अवजारे. मायक्रोस्कोपचा प्रकाश वरून येतो. कवटीचे छिद्र लहान आणि खड्डा खोल असला की सर्जनच्या हातांची आणि अवजारांचीच सावली पडते. विहिरीत वाकून पाहताना आपलीच सावली पाण्यावर पडते तशी. अमेरिकेत फिनिक्स येथील बॅरो न्यूरोलॉजिकल इन्स्टिट्यूटचे रॉबर्ट स्पेट्झलर यांच्यासारख्या सर्जननी सक्शनच्या नळीवर आणि बायपोलर चिमट्यावरच प्रकाश बसवलेली अवजारे वापरात आणली. दिवा टोकाशी गेला की वाट अरुंद ठेवली तरी चालते आणि निरोगी मेंदू कमी बाजूला सारावा लागतो.

तिसरे, हिरवा रंग. इंडोसायनिन ग्रीन नावाचे औषध हाताच्या शिरेतून देतात. काही सेकंदांत ते मेंदूत पोहोचते आणि मायक्रोस्कोपमधील इन्फ्रारेड कॅमेऱ्यात रक्तवाहिन्या चमकू लागतात. आधी धमनी उजळते, मग गुंता, मग शीर. नळ कुठला आणि मोरी कुठली हे त्या क्रमावरून कळते. २००३ च्या सुमारास ही पद्धत मेंदूच्या शस्त्रक्रियेत आली. मात्र कॅमेऱ्याला दिसते ते पृष्ठभागावरचे, खाली दडलेले दिसत नाही. म्हणून गुंता पूर्ण निघाला की नाही हे शेवटी अँजिओग्राफी करूनच ठरवतात.

चौथे, लवचीक लेझर. कार्बन डायऑक्साइडचा लेझर पेशींमधले पाणी शोषून घेते, त्यामुळे तो फार खोल जात नाही आणि कागद कापावा तसा छेद देतो. पूर्वी हा किरण आरशांच्या अवजड हातातून आणावा लागे. मग पोकळ, लवचीक तंतूतून तो नेण्याची युक्ती निघाली आणि लेझर पेनासारखा हातात आला. मज्जारज्जूतील कॅव्हर्नोमा काढताना याचा उपयोग होतो, कारण तिथे ओढाताण अजिबात चालत नाही. पण हा लेझर केसासारख्या बारीक रक्तवाहिन्याच बंद करू शकतो. एव्हीएमच्या जोरदार धमन्यांपुढे त्याचे चालत नाही, तिथे बायपोलर चिमटाच लागतो. व्हिडिओ पाठवणाऱ्या नातेवाइकांना हे जरूर सांगावे.

याशिवाय नॅव्हिगेशन आले. एमआरआयच्या चित्रावर अवजाराचे टोक कुठे आहे ते पडद्यावर दिसते, मोबाइलवर रस्ता दिसावा तसे. शस्त्रक्रिया चालू असताना हातापायांकडे जाणारे विजेचे संदेश मोजत राहण्याची सोयही आली. संदेश क्षीण झाला की तंत्रज्ञ सांगतो आणि सर्जन हात थांबवतो. शिवाय शस्त्रक्रियेआधी मांडीच्या किंवा मनगटाच्या धमनीतून बारीक नळी घालून गुंत्याच्या काही वाटा विशिष्ट गोंदाने बुजवता येतात, म्हणजे टेबलावर रक्त कमी जाते.

कमरेचे दुखणे समजून सोडून दिलेला आजार

मज्जारज्जूच्या एका दोषाबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण तो ओळखायलाच उशीर होतो. मज्जारज्जूच्या बाहेरच्या आवरणात धमनी आणि शीर यांचा चुकीचा सांधा तयार होतो. त्याला ड्युरल फिस्टुला म्हणतात. पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषांत तो अधिक दिसतो. अब्बांचे पाय हळूहळू जड होतात, थोडे चालले की बसावे लागते, मुंग्या येतात, पुढे लघवीला त्रास होतो. घरचे म्हणतात वय झाले. कधी मणक्याची गादी सरकली म्हणून उपचार होतात, कधी प्रोस्टेट म्हणून. तोवर महिने निघून जातात. प्रत्यक्षात हा सांधा पुष्कळदा एक छोटी शीर बंद करून किंवा नळीतून गोंद घालून तोडता येतो. वेळेवर झाले तर पायांची ताकद टिकते, उशीर झाला तर गेलेली ताकद पूर्ण परत येईलच असे नाही. म्हणून पायांची शक्ती महिन्यागणिक कमी होत असेल आणि लघवी-शौचाचा त्रास सोबत असेल तर मज्जारज्जूचा एमआरआय करण्याबद्दल न्यूरोलॉजिस्टना विचारावे.

अवजार नवे आले तरी काढायचे का?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. इतकी चांगली अवजारे आली, मग प्रत्येक गुंता काढून टाकावा का? याचे उत्तर शोधण्यासाठी अनेक देशांत मिळून 'अरुबा' नावाची चाचणी झाली. ज्यांचा एव्हीएम कधीच फुटला नव्हता अशा २२३ रुग्णांचे तिच्यात दोन गट केले. एका गटाला फक्त औषधे आणि देखरेख, दुसऱ्या गटाला गुंता नष्ट करण्याचे उपचार. सरासरी ३३ महिन्यांत मृत्यू किंवा पक्षाघात पहिल्या गटात १०.१ टक्के रुग्णांना, तर उपचार केलेल्या गटात ३०.७ टक्के रुग्णांना झाला. फरक इतका मोठा होता की २०१३ मध्ये चाचणीत नवे रुग्ण घेणे थांबवले आणि २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

अनेक सर्जननी यावर हरकत घेतली. या चाचणीत चाकूने गुंता काढलेले रुग्ण फार थोडे होते, बहुतेकांना गोंद किंवा किरणोपचार दिले होते. शिवाय ३३ महिने हा काळ पंचवीस वर्षांच्या तरुणासाठी काहीच नाही, त्याला पुढची पन्नास वर्षे तो धोका सोबत घेऊन जगायचे असते. ही हरकतही बिनबुडाची नाही. म्हणून आज जाणते डॉक्टर प्रत्येक रुग्णाचा हिशेब वेगळा मांडतात.

त्या हिशेबाचे एक साधे माप १९८६ मध्ये स्पेट्झलर आणि मार्टिन यांनी दिले. गुंता ३ सेंटिमीटरपेक्षा लहान, ३ ते ६ सेंटिमीटर की त्याहून मोठा? तो बोलणे, दिसणे, हातपाय हलवणे अशा महत्त्वाच्या भागात आहे का? त्याची शीर मेंदूच्या खोल भागात उतरते का? यावरून १ ते ५ अशी श्रेणी ठरते. १ आणि २ श्रेणीचे गुंते अनुभवी हातांनी बहुधा सुरक्षित निघतात. ४ आणि ५ मध्ये ऑपरेशनचाच धोका मोठा असतो. लहान पण खोल गुंत्यासाठी गॅमा नाइफ हा किरणोपचार आहे. दिल्लीच्या एम्समध्ये तो १९९७ पासून मिळतो. त्यात डोके उघडावे लागत नाही, पण गुंता बंद व्हायला दोन-तीन वर्षे लागतात आणि तोपर्यंत रक्तस्रावाचा धोका राहतो.

एकदा फुटलेल्या गुंत्याचा हिशेब निराळा. डिसेंबर २००६ मध्ये अमेरिकेचे सिनेटर टिम जॉन्सन पत्रकारांशी फोनवर बोलता बोलता अडखळू लागले. वॉशिंग्टनमध्ये तातडीने शस्त्रक्रिया होऊन फुटलेला एव्हीएम काढला गेला. नऊ महिन्यांनी ते सिनेटमध्ये परतले आणि २००८ मध्ये पुन्हा निवडूनही आले. बोलणे मात्र पूर्वीसारखे झाले नाही, शरीराच्या उजव्या बाजूचा अशक्तपणाही राहिला. जीव वाचणे आणि पूर्ववत होणे यांत महिन्यांची मेहनत असते, हे घरच्यांनी आधीच मनाशी धरावे.

घरच्यांनी काय करावे?

आयुष्यात कधी झाली नाही अशी, क्षणात टोकाला जाणारी डोकेदुखी, सोबत उलटी, बोलणे अडखळणे, एक बाजू लुळी पडणे किंवा शुद्ध हरपणे, यांतले काही दिसले तर १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅन असलेले रुग्णालय गाठा. लकवा म्हणून घरी अॅस्पिरिन देऊ नका. आत रक्तस्राव असेल तर ती गोळी घात करते.

फीट आली तर माणसाला कुशीवर वळवा, गळ्याभोवतीचे कपडे सैल करा, तोंडात चमचा, पाणी काहीही घालू नका. चप्पल किंवा कांदा हुंगवून फीट थांबत नाही. घड्याळ पाहा. पाच मिनिटांत थांबली नाही तर लगेच रुग्णालयात न्या. पहिल्यांदाच फीट आली असेल तर थांबल्यावरही डॉक्टरांना दाखवा. साया किंवा वारा समजून कुणाकुणाकडे फिरण्यात आठवडे जातात आणि एमआरआय राहून जातो. दुआ आपण करतोच, ती दवाखान्याच्या बाकावर बसूनही करता येते.

फीटच्या गोळ्या अचानक बंद करणे धोक्याचे असते. रमजानचे रोजे धरायचे असतील तर महिनाभर आधी डॉक्टरांना भेटा. काहींच्या गोळ्यांच्या वेळा सहरी आणि इफ्तारला जुळवता येतात, काहींना रोजा न धरण्याचाच सल्ला मिळेल. आपल्या मनाने डोस गाळू नका. घरात दिवस गेलेली किंवा लग्न ठरलेली मुलगी रुग्ण असेल तर बाळंतपणाच्या डॉक्टरांपासून हा आजार लपवू नका. एकाच माणसात अनेक कॅव्हर्नोमा असतील, किंवा एव्हीएमसोबत घरातील अनेकांच्या नाकातून वारंवार रक्त येत असेल, तर आजार आनुवंशिक असू शकतो. हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा.

सर्जनसमोर बसाल तेव्हा कागदावर प्रश्न लिहून न्या. हा फुटलेला आहे का? श्रेणी कोणती? काही न करता थांबलो तर या वयात धोका किती? काढला तर बोलणे, चालणे, नजर यांपैकी कशाला धोका आहे? किरणोपचार किंवा गोंद चालेल का? अशी ऑपरेशने आपण वर्षाला किती करता? शेवटचा प्रश्न विचारताना संकोच वाटतो, पण तोच सर्वांत कामाचा आहे. चांगला सर्जन त्याने रागावत नाही. वेळ असेल तर दुसऱ्या मोठ्या रुग्णालयात, जिथे सर्जन, नळीने उपचार करणारे आणि किरणोपचारवाले एकत्र बसून ठरवतात, तिथे दुसरे मत घ्या.

खर्चाचे म्हणाल तर महाराष्ट्रात महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे आणि मेंदूच्या शस्त्रक्रियाही तिच्यात येतात. आपल्याला सांगितलेला उपचार यादीत आहे का, हे योजनेतील रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड आणि आधारकार्ड दाखवून विचारा. दागिने मोडण्याआधी किंवा कर्ज काढण्याआधी ही चौकशी करा.

आणि रिपोर्टवर कॅव्हर्नोमा लिहिलेला आहे, त्रास काही नाही, डॉक्टर म्हणतात वर्षाने पुन्हा एमआरआय करू, तर तो सल्ला हलका समजू नका. रिपोर्ट आणि सीडी एका पिशवीत नीट जपून ठेवा, पुढच्या तपासणीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा आणि रोजच्या कामाला लागा.